आवाजानें चालणारे खेळ

आपल्या हांकेसरशीं पडद्यावरील बाहुल्यानें उडी घ्यावी, हें कौतुकाचें खरें. पण त्यामागें साधें गणित आहे. मायक्रोफोनमधील पातळ पापुद्रा हवेच्या लहरींनीं थरथरतो. त्याच्या विद्युल्लहरी होतात आणि संगणक त्यांचें माप सेकंदास बहुधा ४४,१०० वेळां घेतो. त्या मापांच्या वर्गांची सरासरी ठराविक मर्यादा ओलांडते, तेव्हां बाहुलें उडतें. जपानच्या निन्टेंडो कंपनीनें १९८३ सालींच फॅमिकॉमच्या दुसऱ्या हातयंत्रांत मायक्रोफोन बसविला होता.

परंतु ही मर्यादा ठरवावी कशी? शिरूरला घोड नदीकांठच्या निवांत घरांत पुरेल ती दौंड जंक्शनाजवळ पुरणार नाहीं. तेथें मूल गप्प असतांही गाड्यांच्या घरघरीनें बाहुलें उड्या मारील. मर्यादा सरसकट वाढवावी, तर हलक्या आवाजाच्या मुलाची हांक व्यर्थ जाते. म्हणून खेळ रचणारानें आरंभीं व मधूनमधून परिसराचा आवाज मोजावा आणि मर्यादा त्याच्या किंचित् वर ठेवावी. अकस्मात् वाजणाऱ्या शिटीस हा उपाय पुरत नाहीं. तेथें ठरलेल्या अंतरानें दोन टाळ्या मागाव्या. शिटी लांबते, टाळी क्षणांत विरते. हा भेद यंत्रास मोजतां येतो. मग दौंडचें मूलही शिरूरच्या मुलाशीं बरोबरीनें खेळूं शकेल.