तीन सुपरपॉवरमधला एक गळाला

१९२१ साली अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने एक जाडजूड अहवाल छापला. शीर्षकातच 'सुपरपॉवर' हा शब्द. पण आत ना तोफा, ना रणगाडे. बोस्टन ते वॉशिंग्टन या पट्ट्यातली विखुरलेली वीजकेंद्रे एकमेकांना जोडून कारखान्यांना आणि रेल्वेला वीज पुरवायची, असा अभियंता मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा बेत होता.

राजकारणात हा शब्द पक्का रुजवला तो विल्यम फॉक्स या तिशीतल्या अमेरिकी प्राध्यापकाने. १९४४ साली, महायुद्ध चालू असतानाच, 'द सुपर-पॉवर्स' हे त्याचे पुस्तक आले. नुसते मोठे सैन्य असून भागत नाही. ते जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात नेऊन लढवता आले पाहिजे, ही फॉक्सची कसोटी. तिला उतरणारे देश त्याने तीनच मानले : अमेरिका, सोव्हिएत रशिया आणि ब्रिटन.

हो, ब्रिटनसुद्धा. त्या यादीमागे साम्राज्यातली माणसे उभी होती. युद्ध संपेपर्यंत एकट्या हिंदी सैन्याचा आकडा २५ लाखांच्या घरात गेला. पुस्तक आले त्याच वर्षी, १० जुलैला, इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात माणगाव तालुक्यातला नाईक यशवंत घाडगे मशीनगनच्या मोर्च्यावर एकटाच धावून गेला. तुकडीतले बाकीचे सारे पडले होते. हातबॉम्ब टाकून त्याने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळीने टिपले. काडतुसे भरायला सवड नव्हती, म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्याला गाठले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ब्रिटनची 'कुठेही पोचणारी' ताकद बरीचशी अशी उसनी होती.

ती उसनवारी १९४७ नंतर आटली, आणि १९५६ साली सुवेझ प्रकरणात सगळी झाकली मूठ उघडी पडली. इजिप्तवर चाल करून गेलेल्या ब्रिटनला अमेरिकेने पौंड सावरायला मदत नाकारली. सैन्याला काही आठवड्यांत परत फिरावे लागले, आणि जानेवारीत पंतप्रधान ईडन पायउतार झाले. यादीत दोघेच उरले.

फॉक्सची कसोटी भारताने जवळून पाहिली ती डिसेंबर १९७१मध्ये. बांगलादेशाचे युद्ध निकाली निघत असताना अमेरिकेने अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका 'एंटरप्राइझ' व्हिएतनामजवळून बंगालच्या उपसागरात धाडली. पाठोपाठ सोव्हिएत जहाजे तिच्या मागावर आली. दोघांचेही किनारे हजारो किलोमीटर दूर! ढाक्यातली शरणागती मात्र १६ डिसेंबरला ठरल्याप्रमाणे झाली.

१९९१च्या अखेरीस सोव्हिएत संघ मोडला. एकट्या उरलेल्या अमेरिकेला सुपरपॉवर म्हणणे फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री ह्युबेर व्हेद्रीन यांना अपुरे वाटू लागले. शतक सरता सरता त्यांनी तिच्यासाठी 'हायपरपॉवर' या अर्थाचा फ्रेंच शब्द चालवला. त्यात कौतुक कमी आणि काळजी जास्त होती.