तीनशेपाच माणसांचे गाव

इराणच्या मध्यभागी, कर्कस पर्वताच्या उतारावर, अबियाने नावाचे एक लहान खेडे आहे. लाल मातीची घरे पायऱ्यांसारखी एकावर एक चढत गेलेली. खालच्या घराचे धाबे तेच वरच्या घराचे अंगण. २००६ सालच्या खानेसुमारीत या गावाची नोंद झाली ती अशी : कुटुंबे १६०, माणसे ३०५. दोन आकड्यांवरून गावाचे काय कळणार, असे तुम्ही म्हणाल. पण आकडे नीट वाचले, तर पुष्कळच कळते.

आधी हे गाव सरकारदरबारी कुठे बसते ते पाहू. इराणात सर्वांत मोठा विभाग ओस्तान, म्हणजे प्रांत. आज असे ३१ आहेत. त्याखाली शहरेस्तान, आपला जिल्हा म्हणा ना. मग बख्श, मग देहेस्तान म्हणजे खेड्यांचा गट, आणि अखेर देह, म्हणजे गाव. अबियानेचा पत्ता त्यामुळे असा : बर्जरूद देहेस्तान, मध्य बख्श, नतन्झ शहरेस्तान, इस्फहान ओस्तान. गावचा कारभार पूर्वी कदखुदा, म्हणजे पाटलासारखा मुखी, पाहत असे. १९९९ पासून निवडून आलेले ग्रामपंच आणि त्यांच्या जोडीला देहयार असतो.

हे शब्द आपल्याला अगदीच परके नाहीत बरं का. मोडी दप्तरातला ‘देहझाडा’, म्हणजे गावांची यादी, याच ‘देह’ शब्दावरून आला. ‘खानेसुमारी’ही फारसीच. खाने म्हणजे घर, सुमारी म्हणजे मोजणी. इराणी माणूस मात्र आज ‘सरशुमारी’ म्हणतो. म्हणजे सरळसरळ आपली शिरगणती!

आता घरे आणि शिरे शेजारी मांडून पाहा. १६० घरांत ३०५ माणसे. घरटी दोनसुद्धा नाहीत. लेकराबाळांनी भरलेल्या गावाचा हिशेब असा येत नाही. तरुण मंडळी काशानला, तेहरानला गेली. मागे राहिली ती बहुतेक म्हातारी माणसे. उन्हाळ्यात आणि मोहरमात बंद दारे पुन्हा उघडतात, पण गणती झाली ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि पाहुण्यांची नोंद गावच्या नावावर होत नाही.

अबियाने यात एकटे नाही. १९५६ साली इराणची पहिली राष्ट्रीय शिरगणती झाली, तेव्हा एक तृतीयांशाहूनही कमी लोक शहरांत राहत. २०१६ साली हे प्रमाण तीन चतुर्थांशाच्या जवळ पोहोचले होते.

आणि इथेच आकड्याला धार येते. १९८३ च्या कायद्याने गाव कशाला म्हणावे हे ठरवताना किमान २० कुटुंबे किंवा १०० माणसे ही अट घातली. म्हणजे लोकसंख्या नुसती मोजायची गोष्ट नाही. गावाचे गावपण तिच्यावर ठरते. अबियाने त्या रेषेच्या वर आहे. पण तिथे आणखीही एक गोष्ट पणाला लागलेली आहे. कचेरीची आणि शाळेची भाषा फारसी असली, तरी घरात बोलतात ती तिथली स्वतःची जुनी इराणी बोली. ती कोणत्या कचेरीत सांभाळायची? ती राहते चुलीपाशी, आजीच्या आणि नातवाच्या बोलण्यात. घरटी दोन माणसे उरली, की आजी असते, नातू नसतो.

म्हणून यापुढे कोणत्याही गावची लोकसंख्या वाचाल, तेव्हा शेजारचा कुटुंबांचा आकडाही जरूर वाचा. माणसे किती हे पहिला सांगतो. गाव पुढे चालणार की नाही, याची चाहूल दोन्ही मिळून देतात.