जुना स्टुडिओ कंप्रेसर बिघडलाय की चुकीचा जोडलाय?

जळकोटला रेडिओवर सोलापूर केंद्र लावलं, की निवेदकाचा हळू आवाज ऐकू येतो आणि सनईचा चढा सूरही फाटत नाही. प्रक्षेपणाआधी आवाजाच्या चढउताराला लगाम घालावा लागतो. ते काम कंप्रेसरचं. रेकॉर्डिंग स्टुडिओतही हेच यंत्र गायकाचा आवाज सांभाळतं.

१९६० आणि ७०च्या दशकातले कंप्रेसर आजही शोधून विकत घेतले जातात. त्यातले अनेक जुन्या मिक्सिंग कन्सोलमधून काढलेले सुटे मॉड्यूल असतात आणि खरी अडचण तिथेच आहे. त्यांना ना स्वतःचा पॉवर सप्लाय, ना नेहमीचं सॉकेट. मागे फक्त पिनांची रांग. नीव्हच्या २२५४ला २४ व्होल्ट डीसी लागतो, तर एपीआयच्या ५२५ला अधिक १६ आणि उणे १६. एकाची जोडणी पाहून दुसरा जोडला, तर धडधाकट मॉड्यूल क्षणात जळू शकतं. त्या मॉडेलचा सर्किट डायग्राम हाती नसेल तर वीज देऊच नये.

जोडणी बरोबर असूनही हमिंग येतंय? आधी पॉवर सप्लाय आणि इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर तपासावेत; इतक्या वर्षांत ते आतून सुकतात. आवाज येत-जात असेल, तर बऱ्याचदा पिनांवरचा गंज किंवा सुटलेलं सोल्डरिंग कारण असतं.

व्हॉल्व्हवर चालणाऱ्या एलए-२एचं मात्र वेगळं. त्यात आवाज वाढला की एक पट्टी उजळते आणि तिच्या प्रकाशाने आवाज खाली येतो. पट्टी मंदावली, की यंत्र चालू दिसतं पण आवाज दाबत नाही. ते उघडताना जपून. आत शेकडो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ टिकतात.