इ. स. १८६० चा सीरियाविषयक करारनामा : परराज्यांत रक्षणार्थ सैन्य पाठविण्याचा न्याय

परराज्यांतील प्रजेची कत्तल चालू असतां तिच्या रक्षणार्थ तिऱ्हाइत सत्तेनें फौज पाठवावी कीं नाहीं, हा वाद जुना आहे. एका बाजूस राज्याचें स्वातंत्र्य, दुसऱ्या बाजूस निरपराध्यांचे प्राण. अशा प्रसंगींच्या लेखांत दयेची भाषा बहुधा सारखीच असते; म्हणून प्रस्तावनेवरून हेतूचा निर्णय करणें धोक्याचें होय. कलमें कोणतीं घातलीं व तीं पाळलीं कीं नाहीं, हेंच पाहिलें पाहिजे. इ. स. १८६० चें सीरियाचें प्रकरण या दृष्टीनें अभ्यसनीय आहे.

सीरिया व लेबनॉन हे मुलूख तेव्हां तुर्की सुलतानाच्या अमलाखालीं होते. १८६० च्या उन्हाळ्यांत लेबनॉनच्या डोंगरी प्रदेशांत द्रुझ व मॅरोनाइट ख्रिस्ती यांच्यांत युद्ध पेटून झहले, देर-अल्-कमर वगैरे गांवीं हजारों ख्रिस्ती मारले गेले. ९ जुलै रोजीं दमास्कस शहरीं दंगा उसळून ख्रिस्त्यांचा मोहल्ला उद्ध्वस्त झाला. पुढें ३ ऑगस्ट रोजीं ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रिया, प्रशिया, रशिया व तुर्कस्तान यांच्या वकिलांनीं पॅरिस येथें जो मसुदा ठरविला, त्याचाच ५ सप्टेंबर रोजीं करारनामा झाला.

त्याचा मथितार्थ असा : युरोपीय फौज १२,००० पर्यंत असावी, पैकीं निम्मी फ्रान्सनें तत्काळ द्यावी, सेनापतीनें सुलतानाच्या खास कमिशनराशीं विचारविनिमय करावा, मुदत सहा महिन्यांची असावी. ३ ऑगस्टच्याच दुसऱ्या लेखांत, कोणतीही सत्ता या निमित्तानें मुलूख, विशेष वर्चस्व अथवा स्वतःपुरती व्यापारी सवलत मिळवूं पाहणार नाहीं, असें नमूद आहे. हीं बंधनें अकारण नव्हतीं. मॅरोनाइटांशीं फ्रान्सचा जुना संबंध होता, व लेबनॉनच्या रेशमांत लिओंच्या व्यापाऱ्यांचे हितसंबंध गुंतले होते. त्यामुळें ब्रिटन साशंक होता. सुलतानाची संमति लेखांत आहे खरी, परंतु पांच प्रबळ सत्तांच्या दडपणाखालीं दिलेली संमति कितपत स्वखुषीची मानावी, हा प्रश्न उरतोच.

आतां तारखा ताडून पाहाव्या. फ्रेंच फौज बैरूत येथें उतरली ती १६ ऑगस्टच्या सुमारास. तत्पूर्वींच सुलतानाचा कमिशनर फुआद पाशा दमास्कसला पोहोंचून त्यानें अपराध्यांस शासन आरंभिलें होतें. तेव्हां कत्तल थांबविल्याचें श्रेय या फौजेस देतां येत नाहीं. दमास्कसमध्यें हजारों ख्रिस्त्यांस ज्यानें आश्रय दिला तो अमीर अब्दुल कादिर. अल्जीरियांत १८४७ पर्यंत फ्रेंचांशींच लढलेला मुसलमान पुढारी. फ्रेंच फौजेचें खरें कार्य नंतरचें : निर्वासितांस परत गांवीं बसविणें व घरें उभारण्यास साहाय्य करणें. मुदत एकदां वाढविली गेली. तथापि १८६१ च्या जूनमध्यें फौज परत गेली, व ९ जून १८६१ च्या नियमावलीनें लेबनॉनास सुलतानाच्या छत्राखालीं ख्रिस्ती सुभेदार मिळाला.

याशीं अयोध्येचें प्रकरण ताडून पाहावें. प्रजेच्या हालांचेंच कारण पुढें करून १८५६ त कंपनीनें तें राज्य खालसा केलें. तेथें ना मुदत, ना तिऱ्हाइताची देखरेख, ना परतण्याचें कलम. कारण तेंच, परिणाम मात्र सर्वस्वीं भिन्न.

तात्पर्य, असल्या मोहिमेची न्याय्यता तिनें स्वतःस घालून घेतलेल्या व पाळलेल्या मर्यादांवरून ठरवावी. परंतु या मर्यादांचीही किंमत पडते. दमास्कसच्या दंग्यापासून फौज उतरेपर्यंत पांच आठवडे गेले. बंधनावांचून गेलेली फौज मुलूख गिळते, आणि बंधनांचा घोळ घालीत बसलेली फौज मेलेल्यांच्या मागून पोहोंचते. यास्तव असा कागद हातीं आल्यास संग्राहकांनीं त्यावरील शिक्कामोर्तबाबरोबरच फौज उतरल्याच्या व परतल्याच्या तारखांचे कागदही जपावे. प्रस्तावनेंतील दयेची खरी पारख त्यांतूनच होते.