टर्बो नंतर, इंजिन आधी

मागच्या रविवारी चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाबाहेर एका पोरानं मला गाठलं. "काका, कबाडीकडे टर्बो स्वस्तात मिळतोय. माझ्या नव्या स्विफ्टला बसेल ना?"

बसेल. चार दिवस चालेलही. मी हा उद्योग माझ्या गाडीवर करून बसलोय. पिस्टन वितळला, आणि दुरुस्तीच्या पैशांत एक जुनी गाडी आली असती. म्हणून आज आधी इंजिनाचं बोलू.

टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो आणि सिलिंडरमध्ये हवा कोंबतो. अर्धा बार दाब म्हणजे जवळपास दीडपट हवा. पण ही आधीच दाबलेली, तापलेली हवा पिस्टन पुन्हा दाबतो. मग ठिणगीची ज्योत पोहोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. हेच नॉकिंग. आपल्या रायपूरच्या मे महिन्यात तर हवा आत जातानाच भाजलेली असते.

म्हणून पहिला प्रश्न कॉम्प्रेशन रेशोचा. स्विफ्टच्या ड्युअलजेट इंजिनाचा तो १२ आहे. मायलेजसाठी उत्तम, टर्बोसाठी वाईट. जुन्या मारुती ८०० चा ९ च्या खाली. त्याच एफ घराण्यातल्या छोट्या इंजिनाला सुझुकीनं जपानमध्ये स्वतः टर्बो लावला होता. १९८७ ची आल्टो वर्क्स, ५४३ सीसी, ६४ पीएस! अर्थात त्यांनी हेड, पिस्टन, इंधनव्यवस्था सगळंच टर्बोसाठी बनवलं होतं.

दुसरा प्रश्न पेट्रोलचा, आणि माझा पिस्टन इथेच गेला. साध्या गाडीचा मॅप सेन्सर जेमतेम बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंत मोजतो. त्यापुढची हवा ईसीयूला दिसतच नाही. पेट्रोल कमी पडतं, आतली आग वाढते. म्हणजे सेन्सर, इंजेक्टर, ट्यूनिंग, ऑइल लाइन, इंटरकूलर, क्लच. टर्बो या यादीतली स्वस्त वस्तू आहे.

मग परवडणारं काय? माझं मत विचाराल तर ज्याला कंपनीनंच टर्बो दिलाय ते इंजिन. पुण्याजवळ रांजणगावला बनलेलं फियाटचं १२४८ सीसी मल्टिजेट डिझेल घ्या. मारुतीनंही तेच मानेसरला बनवलं. स्विफ्टमध्ये ते ७५ पीएसचं होतं, एर्टिगा आणि एसएक्स४ मध्ये वेगळ्या टर्बोसह ९० चं. २०२० मध्ये बंद झालं, पण इतक्या गाड्यांत होतं की सुटे भाग अजून मिळतात. ७५ चं ९० करत बसू नका, सरळ ९० वाली जुनी गाडी बघा.

शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. कंपनीच्या मूळ रचनेशी जुळणार नाही असा बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. अपघात झाला तर विमा कंपनीही तेच काढेल.

पोराला म्हटलं, प्रयोगच करायचा तर जुनी ८०० घे, रस्त्यावर आणू नकोस. आणि घेण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट करून घे. तिन्ही सिलिंडरचे आकडे जुळले नाहीत, तर पैसे खिशातच ठेव.