तुपाची साक्ष

वरणभातावर तुपाची धार पडली कीं पान पूर्ण झालें, ही आपल्या घरांतील जुनी समजूत. लोणी घरींच कढविलें जाई, तोंवर तुपाची परीक्षा आजीच्या नाकाकडे असे. आतां डबा बाजारांतून येतो, आणि त्याबरोबर संशयही घरांत शिरतो. तूप रवाळ दिसतें, वासही बरा येतो. पण त्यांत वनस्पति तूप मिसळलें असेल काय? दुकानदारास दोष देण्यापूर्वीं प्रयोगशाळेंत ही परीक्षा कशी होते, हें वाचकांपुढें मांडावें, असें आम्हांस वाटलें.

१८०० सालीं इंग्लंडमध्यें विल्यम हर्शेल ह्या ज्योतिर्विदानें लोलकांतून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि निरनिराळ्या रंगांत तापमापक ठेवून उष्णता मोजिली. तांबड्या रंगाच्याही पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नव्हतें, तेथें पारा अधिक चढला. ह्या अदृश्य किरणांसच आज अवरक्त किरण म्हणतात.

सतारीवर एखादा सूर छेडला, कीं त्याच सुरास लावलेली तरफेची तार आपोआप झंकारते. रेणूंतील अणूंना जोडणाऱ्या बंधांचेंही तसेंच आहे. ते सतत कंप पावत असतात, आणि प्रत्येक बंध आपल्या कंपनाशीं जुळणारेच किरण शोषून घेतो. पदार्थावर अवरक्त किरण सोडून त्यांपैकीं कोणते नाहींसे झाले याची नोंद केली, कीं जो वर्णपट मिळतो तो त्या पदार्थाच्या अंगठ्याचा ठसाच होय. अमेरिकेंत विल्यम कोब्लेंट्झ ह्यांनीं शंभराहून अधिक पदार्थांचे असे वर्णपट १९०५ सालीं प्रसिद्ध केले. साधी कांच ह्यांतील लांब तरंगांचे किरण अडविते. म्हणून जुन्या उपकरणांत खिडक्या बसवीत त्या चक्क मिठाच्या स्फटिकांच्या, आणि दमट हवेंत त्यांस फार जपावें लागे! आतां हिऱ्याच्या लहानशा स्फटिकावर तुपाचा एक थेंब ठेवला तरी पुरतो.

तूप काय, वनस्पति काय, दोन्ही स्निग्ध पदार्थच, म्हणून ५.७ मायक्रोमीटरच्या आसपास दोहोंची खूण सारखीच उमटते. भेद अन्यत्र आहे. हायड्रोजनच्या योगानें तेल अर्धवट घट्ट करितांना, दुहेरी बंधाच्या एकाच बाजूस असलेले हायड्रोजनचे अणु कांहीं ठिकाणीं परस्परांच्या विरुद्ध बाजूंस जातात. ह्या ‘ट्रान्स’ मांडणीची खूण १०.३ मायक्रोमीटरजवळ दिसते. जुन्या पद्धतीच्या वनस्पतींत ती ठळक असे.

मग खूण दिसली कीं भेसळ ठरली काय? मुळींच नाहीं. गाईम्हशींच्या पोटांतील सूक्ष्म जंतुही अशी मांडणी थोड्या प्रमाणांत घडवितात. त्यामुळें शुद्ध तुपांतही ती आढळते. उलट, २०२२ सालापासून भारतांत तेलें व वनस्पति यांतील ट्रान्स घटकांवर शेंकडा २ ची मर्यादा आली. तेव्हां आजच्या वनस्पतींत ही खूण फिकी असणार, आणि तिचा अभाव हा शुद्धतेचा दाखला होऊं शकत नाहीं. यास्तव जाणता परीक्षक एका रेषेवर विसंबत नाहीं. खात्रीच्या अनेक तुपांचे वर्णपट शेजारीं ठेवून तो सगळा पट ताडून पाहतो, आणि शंका उरल्यास मेदाम्लांची निराळी चाचणी करितो.

२००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें ग्राहकासही शुल्क भरून नमुना तपासून घेण्याचा हक्क दिला आहे. मात्र तसा हेतु खरेदीच्या वेळींच दुकानदारास सांगावा लागतो. आजीचें नाक असो वा प्रयोगशाळेंतील यंत्र, एकट्याची साक्ष पुरेशी नव्हे. अहवाल हातीं येईपर्यंत कोणाच्या नांवास बट्टा लावूं नये, हेंच बरें.