जुन्या यंत्राचें वंगण

आंसाला वंगण घातल्यावांचून जुना गाडीवान दूरच्या वाटेस लागत नसे. हेंच व्यवहारज्ञान इंग्लंड-अमेरिकेंतील कांहीं हौशी मंडळी आज मोठ्या निष्ठेनें पाळीत आहेत. शंभर वर्षांपूर्वींचीं पट्टीकरवतें व रंधायंत्रें भंगारांतून सोडवून तीं पुनः चालतीं करणें हा त्यांचा छंद. या यंत्रांचा प्राण त्यांच्या बेअरिंगांत असतो.

त्या काळच्या पुष्कळ यंत्रांत फिरता दांडा 'बॅबिट' नामक मऊ धातूच्या अस्तरांत बसविलेला असे. अमेरिकेंतील आयझॅक बॅबिट यानें १८३९ सालीं त्याचें पेटंट घेतलें. त्याच्या उत्तम प्रकारांत कथील मुख्य असून अँटिमनी व तांबें थोडें असतें. बारीक कचरा या धातूंत रुतून बसतो व दांडा ओरखड्यांपासून वांचतो. परंतु तो थोड्या उष्णतेनें वितळतो. तेल आटलें कीं अस्तर गेलेंच समजावें. मग तें पुनः ओतावें लागतें, आणि तें काम जाणणारे कारागीर आतां थोडेच उरले आहेत.

तेल करतें तरी काय? १८८३ च्या सुमारास इंग्लंडांत बीचम टॉवर यानें बेअरिंगांवर प्रयोग केले. माथ्यावर पाडलेल्या भोंकांतून तेल आपोआप वर येऊं लागलें. खुंटी ठोकली, तर तीही बाहेर ढकलली गेली! फिरता दांडा स्वतःच तेल आंत ओढून दाब निर्माण करतो व त्या पातळ थरावर तरंगतो, ही उपपत्ति ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यानें १८८६ सालीं मांडली.

यावरून नियम सहज निघतात. जेथें तेलाची योजना आहे तेथें ग्रीज भरूं नये. तें नीट पसरत नाहीं व भुसा धरून ठेवतें. वेगवान दांड्यास पातळ, संथ व अवजड दांड्यास दाट तेल द्यावें. जवसासारखें तेल हवेनें चिकट होऊन सुकतें, म्हणून खनिज तेलच वापरावें. कांहीं तेलवाट्यांत लोकरीची वात असते. समईच्या वातीप्रमाणें ती तेल शोषून थेंबाथेंबानें पुरविते. ती मळली कीं बदलावी. पोलादी गोळ्यांच्या बेअरिंगांत मात्र ग्रीज घालतांना हात आखडावा. पोकळीचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग पुरे. ठासून भरलेलें ग्रीज घुसळलें जाऊन तापतें. आणि तेल घालण्यापूर्वीं यंत्र थांबवून वीज तोडावी. करवत बोटांची भीड धरीत नाहीं.

आजीच्या वेळचें शिवणयंत्र माळ्यावर पडून असेल, तर त्यासही हाच न्याय लागू आहे. प्रथम जुना चिकटा पुसून काढावा, प्रत्येक भोंकांत शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सोडावा, आणि मग चाक हातानें हलकेंच फिरवून पाहावें.